उंबऱ्यावर आलेला रस्ता

गणपती बुडाले की म्हैसुरात डांबराचा वास सुटतो. बाकीच्या गावांना दसऱ्याची चाहूल झेंडूनं लागत असेल, आम्हाला ती डांबरानं लागते. पावसात उखडलेले रस्ते तेवढ्या थोड्या दिवसांत काळे आणि गुळगुळीत व्हायला हवेत. कारण मग पाहुणे येणार, दिवे लागणार, मिरवणूक निघणार. पितृपक्षातल्या एखाद्या कोरड्या दुपारी कुठल्याशा वळणावर धूर दिसतो, टिपर, म्हणजे माल ओतणारा ट्रक, मागं कलतो आणि तो जड, किंचित गोडसर, घशात बसणारा वास खिडकीतून घरात येतो. नोकरीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. तरी वास आला की डोकं आपोआप चालू होतं. लांबी किती, रुंदी किती, थर किती जाड. परवा तसंच झालं. गॅसवर दूध ठेवलं होतं. वास आला म्हणून खिडकीशी गेले, खालच्या रस्त्यावरचा वाफाळणारा ढीग बघून मनातल्या मनात टन मोजत राहिले, आणि मागं दूध उतू गेलं.

ओटा पुसता पुसता तो एक आश्विन आठवला. तसा तो दरवर्षीच आठवतो. मी फक्त त्याला फार वेळ बसू देत नाही. परवा बसू दिलं.

आम्ही शिंपी. आमचे पूर्वज म्हैसुरात कधी आले, कुठून आले, हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. भिंतीवर विठ्ठल होता, तोंडात निम्मं कन्नड होतं. देवाशी मराठीत बोलायचं, गिऱ्हाइकाशी कन्नडात, आणि भांडायचं दोन्हीत. आमच्या केरीत, म्हणजे गल्लीत, अशी बरीच घरं होती. समोर दुकान, मागं राहायची खोली, त्यामागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीशी अप्पांचं पायमशीन होतं. अप्पा कोट शिवायचे. म्हैसुरात कोट घालणारी माणसं होती तोवर अप्पांना मान वर करायला फुरसत नव्हती.

मी लहान असताना केरी लाल मातीची होती आणि दुकानात यायला पायऱ्या चढाव्या लागत. दगडी, मधोमध झिजलेल्या. गिऱ्हाइकं त्यांवर बसून वाट बघत, आई तिथं तांदूळ निवडायची, मी तिथं पाढे म्हटले. मग एका दसऱ्याच्या आधी केरीत पहिल्यांदा डांबर आलं. आमच्याकडं त्याला टार म्हणतात. टार आली म्हणून आम्ही पोरं अनवाणी नाचलो, तळवे भाजले, आईनं रॉकेल लावून ते घासले. सगळ्यात खालची पायरी त्या दिवशी रस्त्यात गेली. कुणालाच काही वाटलं नाही. एक पायरी कमी चढायची, चांगलंच की! काही वर्षांनी पुन्हा टार आली, जुन्या थरावर नवा थर, आणि दुसरी पायरी गेली. असं करत करत मी सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन रस्त्यांच्या कामावर ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले तोवर पायऱ्या उरल्याच नव्हत्या. उरला होता तो उंबरा.

रस्त्याला डांबर किती लागेल, हे काढायचं माझं काम. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय आहे! लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार केला की झालं. कोरा सपाट रस्ता असेल तर तसंच आहे. पण कोरा सपाट रस्ता कागदावरच असतो. खरा रस्ता हा वापरलेल्या अंथरुणासारखा असतो, कुठं दबलेला, कुठं फुगलेला. ते खळगे आधी भरून घ्यावे लागतात आणि त्यांना किती माल लागेल हे कुठल्याच सूत्रात बसत नाही. शिवाय डांबर घातलेली गरम खडी टिपरमधून पडते तेव्हा फुगलेली असते. भला मोठा ढीग दिसतो, कामगार दाताळ्यानं पसरतात, रोलर फिरतो, आणि एवढं मोठं दिसणारं सगळं बोटांच्या जाडीत चेपून जातं. नव्या माणसाचा अंदाज तिथंच चुकतो. माल कमी पडला तर दुसरा टिपर येईतो पहिला थर थंड होतो, सांधा राहतो, आणि पुढच्या पावसात रस्ता तिथूनच उसवतो.

'उसवतो' हा शब्द अप्पांचा. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांना माझं काम समजावून सांगत होते. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे तुझं पण मापाचंच काम की, पुट्टी." पुट्टी म्हणजे छोटी. मी तिशीला आले तरी पुट्टीच होते. "पण आम्ही शिवणीत थोडं कापड आत ठेवतो. माणूस जाड झाला तर सोडवता येतं. तुम्ही काय ठेवता?"

"आम्ही काही ठेवत नाही, अप्पा. आमचं चेपून टाकायचं असतं."

"मग अवघड आहे," ते म्हणाले आणि मशीन चालू केलं.

नव्वद साल अजून लागायचं होतं. त्या वर्षी मिरवणुकीच्या दिवसांत मोठा रस्ता बंद ठेवून काही गाड्या आमच्या केरीतून वळवायचं ठरलं. केरी तेव्हा खड्ड्यांनी भरली होती. त्यामुळं दसऱ्याआधी करायच्या कामांत तिचं नाव आलं आणि तिचा अंदाज काढायचं काम माझ्याकडं आलं. मी मुद्दाम मागितलं नव्हतं. पण आनंद झाला होता. आपल्या दारातला रस्ता आपण करायचा, असं भाग्य किती इंजिनियरांना मिळतं?

खड्ड्यांचा अंदाज घ्यायचा तर पाऊस पडत असताना जावं, असं मला कामावर पहिल्याच वर्षी कळलं होतं. पाणी कुठं थांबतं, किती थांबतं, हे पाणीच दाखवतं. म्हणून एका रिमझिमत्या सकाळी मी लेव्हल घेऊन केरीत गेले. लेव्हल म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण; तिच्यातून लांब उभ्या केलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे आणि कुठली जागा उंच, कुठली सखल ते काढायचं. कामगार पट्टी धरून पुढं उभा होता. अप्पा दुकान तसंच टाकून छत्री घेऊन आले आणि माझ्या दुर्बिणीवर छत्री धरून उभे राहिले. स्वतः भिजत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मगळु. इंजिनियर." म्हणजे मुलगी.

"यातनं काय दिसतंय गं?" त्यांनी विचारलं.

मी बाजूला झाले. त्यांनी एक डोळा मिटून आत बघितलं आणि दचकून मागं सरले. जुन्या दुर्बिणी त्या, त्यांतून सगळं उलटं दिसायचं. समोरच्या गौरम्मांचं घर छपरावर उभं होतं. गौरम्मा म्हणजे फुलांच्या माळा करून विकणाऱ्या आमच्या शेजारीण. त्या दारात बसल्या होत्या, आणि त्याही उलट्या. अप्पा इतके हसले की छत्री हलली आणि थेंब माझ्या कागदांवर पडले. "गौरम्मा, तुम्ही लोंबकळताय बघा!" ते ओरडले. त्यांना तसं हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही.

मग पट्टी आमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि मी आकडा वाचला. पुन्हा वाचला. उंबरा रस्त्यापेक्षा जेमतेम चार बोटं वर होता. खळगे भरून वर नवा थर टाकला तर रस्ता उंबऱ्याच्या वर जात होता.

अप्पांनी माझं तोंड बघितलं. "काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. "मग?"

"मग आधी जुने थर उकरून काढायचे. मग नवा घालायचा. रस्ता आहे त्याच उंचीवर राहील. मी तसं अंदाजात घालते की."

"घालतेस ना? मग झालं तर," असं म्हणून त्यांनी छत्री मिटली. माझ्या शब्दावर त्यांचा असा विश्वास होता. शिवायला टाकलेला कपडा ठरल्या दिवशी मिळणारच, असा गिऱ्हाइकाचा शिंप्यावर असतो तसा.

आमचे साहेब रंगस्वामी सार. शांत माणूस, कुणावर आवाज चढवला नाही, नोकरीची शेवटची वर्षं. त्यांनी माझा अंदाज वाचला, आकडे बरोबर आहेत म्हणाले आणि उकरण्याच्या कलमावर बोट ठेवलं.

"नोडम्मा, हे बघ, हे काढावं लागेल."

मी म्हटलं, "सार, उकरलं नाही तर घरांत पाणी जाईल."

"जाईल. मला दिसतंय. पण उकरायचं यंत्र आपल्याकडं नाही. हातानं फोडायचं तर किती दिवस लागतील, तूच सांग. दसरा थांबणार आहे का? आणि उकरलेल्या केरीत पाऊस आला तर? गाड्या कुठून वळवायच्या?"

प्रत्येक प्रश्न बरोबर होता. मी पातळ थर सुचवला. बसगाड्या जाणार, महिन्यात सोलून निघेल, ते म्हणाले. तेही बरोबर होतं. मग मी शेवटचं बोलले, जे बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. "सार, त्या केरीत माझं घर आहे. अप्पांचं दुकान आहे."

रंगस्वामी सारांनी माझा कागद माझ्याकडं सरकवला. "म्हणूनच काढायला पाहिजे, अम्मा," ते हळूच म्हणाले. "सगळ्या गावात कुठं उकरलं नाही, आणि एका केरीत उकरलं. का, तर तिथं इंजिनियरबाईंचं घर. लोक काय म्हणतील? तुला अजून सगळी नोकरी काढायची आहे."

मी तशीच बाहेर आले. माझं घर त्या केरीत नसतं तर कदाचित मी आणखी भांडले असते, कदाचित जिंकलेही असते. गटाराचं तरी बघावं म्हणून दुसऱ्या एका कचेरीत गेले. गटारं त्यांच्याकडं होती. तिथल्या साहेबांनी कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि दसरा झाल्यावर बघू म्हणाले. वाईट कुणीच नव्हतं. हे मला आजही सांगावंसं वाटतं. कुणी वाईट असतं तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. ते लाल कापडावर खडूनं रेघा मारत होते. हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "परवागिल्ला," ते म्हणाले. चालेल, काही हरकत नाही. "पाऊस तर संपत आला. पुढच्या वर्षी बघतील की."

ते लाल कापड त्या आश्विनाचं सगळ्यात मोठं सुख होतं. नंजनगूडच्या एका लग्नाच्या बँडला त्या वर्षी मिरवणुकीत वाजवायची संधी मिळाली होती. त्यांचे मास्तर नागराजू बसनं आले, अप्पांच्या हातचा एक जुना कोट दाखवून म्हणाले, "असे पाहिजेत. सगळ्यांना. लाल. जरीची पट्टी." अप्पा आयुष्यभर मिरवणूक बघायला गर्दीत उभे राहिलेले. आता त्यांनी शिवलेले कोट मिरवणुकीतून चालत जाणार होते. तयार कपड्यांची दुकानं तोवर शहरात भरपूर झाली होती आणि कोटाचं गिऱ्हाईक विरळ होत चाललं होतं. त्या कामानं अप्पा दहा वर्षांनी लहान झाले. आई काजं करायची, मी सुट्टीच्या दिवशी बटणं लावायची. घरभर लाल धागे. जेवताना भातात सुद्धा एखादा सापडायचा.

टार टाकायच्या दिवशी केरीत सणच होता. बेळगोळच्या बाजूच्या, डांबर-खडी कालवणाऱ्या प्लँटवरून सकाळपासून टिपर येत होते. गौरम्मांनी मोगऱ्याचा गजरा आणून माझ्या केसांत माळला, हेल्मेटखाली. "आमच्या केरीची पोर इंजिनियर झाली म्हणून टार आली," त्या सगळ्यांना सांगत होत्या. कुणी रोलरला हळदकुंकू लावलं, कुणी कामगारांना ताक दिलं. आई दारात उभी होती. तिनं टिपरकडं नाही, उंबऱ्याकडं बघितलं, आणि आत गेली.

मी टिपर मोजत होते. आणि माझा अंदाज त्या दिवशी जसा उतरला, तसा पुढं कधीच उतरला नाही. शेवटच्या टिपरचा शेवटचा माल केरीच्या शेवटच्या हातभर जागेत बसला. उरलं नाही, कमी पडलं नाही. कुठंही सांधा नाही. रंगस्वामी सार बघायला आले होते. "शाब्बास," ते म्हणाले. "एक पाटी सुद्धा वाया गेली नाही." रोलर मागंपुढं फिरत होता, वाफ निघत होती, रस्ता काळ्या रेशमासारखा चकाकत होता. मला अभिमान वाटला, हे खरं आहे. तेव्हाच आमच्या उंबऱ्याकडं बघायची भीती वाटत होती, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अप्पा बाहेर आले, नव्या रस्त्यावर उभे राहिले आणि दुकानात जायला वळले. पाऊल उचलायची सवय होती. त्यांनी उचललं, आणि ते खाली गेलं. ते थोडे अडखळले, चौकटीला धरलं. "सवय होईल," म्हणाले.

आयुधपूजा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. म्हैसुरात त्या दिवशी ज्याचं जे हत्यार, ते तो पुजतो. बस, सायकली, वजनकाटे, सगळ्यांच्या गळ्यात झेंडू. अप्पांनी मशीन पुसून तेल दिलं, कात्री आणि मापाचा गज मांडला. त्यापुढं पाट ठेवून त्यावर आणि शेजारी अंथरलेल्या चादरीवर घड्या घातलेले लाल कोट रचले. केलेलं काम देवापुढं ठेवायचं, अशी त्यांची रीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नागराजू न्यायला येणार होते. उदबत्तीचा धूर त्या लाल ढिगावरून जात होता. अप्पा हात जोडून इतका वेळ उभे राहिले की आई आतून म्हणाली, "जेवायला या की आता, पुरण गार होतंय."

आम्ही जेवायला बसलो आणि हत्तीचा पाऊस आला. हस्त नक्षत्राचा पाऊस तसाच येतो, सांगून नाही, सोंड उलटी केल्यासारखा. पत्र्यावर इतका आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. खड्डे होते तेव्हा निदान पाणी त्यांत थांबायचं. आता थांबायला जागाच नव्हती. माझ्या त्या निर्दोष रस्त्यावरून सगळ्या केरीचं पाणी घसरलं आणि जिथं खाली जागा मिळाली तिथं वळलं. आई वाढायला उठली आणि तिला मधल्या दारातून पुढच्या खोलीत काहीतरी चमकताना दिसलं.

आम्ही धावलो. पाणी घोट्याएवढं होतं, काळपट, वर तेलाचे रंग. पाट तरंगत होता. चादरीवरचे कोट आधीच भिजले होते. आम्ही उचलले तर त्यांतून लाल पाणी गळायला लागलं. नव्या डांबरावरची बारीक काळी कच जरीच्या पट्ट्यांत बसली होती. अप्पांनी एकेक कोट उचलून माझ्या हातात दिला, मी आईच्या, आईनं पलंगावर. मशीनच्या पायट्यात झेंडूची माळ अडकून फिरत होती.

दुपार, संध्याकाळ, अप्पा रॉकेलचा बोळा घेऊन जरीच्या पट्ट्या पुसत बसले. आई इस्त्री फिरवत होती. पांढऱ्या अस्तरावर लाल ओघळ उठले होते, ते जात नव्हते. समोर गौरम्मांच्या घरातही पाणी होतं. त्या परातीनं उपसत होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही.

सकाळी नागराजू आले. अप्पांनी एक कोट उलगडून त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "मास्तर, असं झालं. माझ्याच घरात झालं." नागराजूंनी कोट हातात घेतला, जरीवरनं अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. ते भले होते. "तुम्ही काय करणार, पाऊस," म्हणाले. पण डोळ्यांत पाणी होतं, कारण त्यांनी बँडच्या पोरांना कोट कबूल केले होते. त्यांचा बँड त्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यांत वाजवत गेला. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. अप्पा मिरवणूक बघायला गेले नाहीत. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपून राहिले. लांबून ढोल ऐकू येत होते. पुढच्या वर्षी त्या बँडनं बंगळूरहून तयार कोट आणले.

अप्पा मला एक शब्दही बोलले नाहीत. आई बोलली, पण तीही मला उद्देशून नाही. नळावर बायका म्हणायच्या, "मुलगी इंजिनियर असून तुमच्याच दारात!" ते ऐकून ती घरी यायची आणि भांड्यांशी बोलायची. "लग्न होऊन आले तेव्हा पायऱ्या चढून आले या घरात. आता उतरायला लागतंय." गजरा माळणाऱ्या गौरम्मा पुन्हा बोलायला लागल्या, पण टारचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

अप्पांनी उंबऱ्यावर सिमेंटचा कट्टा घातला, पाणी अडायला. पाणी अडलं. गिऱ्हाइकंही अडली. कोट शिवून घेणारी माणसं म्हातारीच होती; त्यांना कट्टा ओलांडून खाली उतरणं जमेना. माझी बदली पिरियापट्टणला झाली. तिकडच्या तंबाखूच्या शेतांमधले रस्ते मी केले. तिथं रस्त्याकडेला घरंच नव्हती, त्यामुळं अंदाज काढताना कुणाचा उंबरा बघावा लागायचा नाही. मला तिथं झोप लागायची. मी नसताना केरीत पुन्हा टार आली. अप्पांनी कट्टा वाढवला. नंतर पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. दरवेळी कुणीतरी माझ्यासारखंच अंदाज काढत असणार, उकरायचं कलम घालत असणार किंवा घालायचं सोडून दिलं असणार. शहरात उकरायची यंत्रं आली तेव्हा ती मोठ्या रस्त्यांवर गेली. केऱ्यांकडं ती कुणी पाठवली नाहीत.

शेवटी शेवटी दुकानाची खिडकी अशी झाली, की मशीनवर बसलेल्या अप्पांना रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. चपला, सायकलींची चाकं. त्यांना चेहरे दिसत नव्हते, आणि चेहऱ्यांना ते. दिवसा दिवा लावून बसायचे. आईला दम्यानं धरलं. भिंती बारा महिने ओल्या असायच्या. ती त्याच घरात गेली. तिला बाहेर नेताना माणसांना तो कट्टा चढावा लागला. ते मी बघितलं आहे. त्याबद्दल आणखी काही लिहिता येणार नाही.

मग म्हैसुरात परत बदली झाल्यावर मी अप्पांना माझ्याकडं आणलं आणि घर विकायला काढलं. पलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या मालकानं ते घेतलं. आम्ही किल्ली द्यायला गेलो तेव्हा खोली रिकामी होती. मशीन होतं तिथं फरशीवर चार गंजके ठिपके. गिरणीवाला हुशार माणूस. त्यानं आधीच ठरवलं होतं, खोलीत दगडमाती भरून जमीन वर उचलायची आणि छप्पर काढून वर चढवायचं. त्यानं मला विचारलं, "मेडम, तुम्ही याच खात्यातल्या. कुठवर भरू, सांगा. पुन्हा पाणी यायला नको."

आयुष्यभर मी जाडी काढत आले होते. त्या प्रश्नाचं उत्तर मला काढता येईना. रस्ता किती वर्षं वर येत राहणार, आणि कधी थांबणार, याचं सूत्र कुणाकडंच नाही.

अप्पा भिंत धरून पुढं आले. त्यांनी खिशातून चपटा खडू काढला. शिवणं बंद होऊन किती काळ लोटला होता, पण खडू खिशात होता. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीशी गेले, बाहेरच्या रस्त्याची उंची खिडकीतून नजरेनं आत आणली, त्यावर चार बोटं धरली, मग जरा विचार करून आणखी दोन बोटं. तिथं त्यांनी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. रेघ सरळ आली. त्यांच्या छातीच्या वरून गेली होती ती.

"इथवर भरा," ते म्हणाले. "मग नाही येणार."

गिरणीवाल्यानं तसंच केलं. बरोबर रेघेपर्यंत भरलं. गौरम्मा त्यानंतर मला बाजारात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या की दोनच दसरे गेले, पुन्हा टार पडली, आणि आता त्याच्याही उंबऱ्यातून पाणी आत येतंय. पीठ भिजलं म्हणून तो पोती टांगून ठेवतो.

अप्पांनी तेव्हा अंथरूण धरलं होतं. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, तिथं पावसाचा आवाजही लांबून यायचा. पण तो आला की ते डोळे उघडायचे.

"पुट्टी, तिकडं पाणी आत येतंय का गं?"

"नाही, अप्पा. आता नाही येत."

"मग माप बरोबर धरलं की मी," ते म्हणायचे, आणि पुन्हा डोळे मिटायचे.